देहाची साक्ष पुसता येत नाही

पोलिसी अत्याचाराचा प्रश्न निघाला की सरकारची ठरलेली भाषा सुरू होते. 'जमाव हिंसक झाला होता', 'सौम्य लाठीमार केला', 'नाइलाजाने गोळीबार करावा लागला.' कागद त्यांचा, शाई त्यांची, पंचही त्यांचेच! मग मार खाल्लेल्या माणसाकडे पुरावा म्हणून उरते काय? उरतो त्याचा देह आणि त्या देहावरची जखम.

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त जनता रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळ्यांनी 10 जणांचे बळी घेतले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे सांगण्यात आले. पण जखमा काय सांगत होत्या? बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. जमाव पांगवायचा असता तर बंदुका खाली रोखल्या असत्या. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या मनोहर कदमला जन्मठेप सुनावली जायला मात्र 2009 साल उजाडले आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला.

डिसेंबर 2024 मध्ये परभणीत तेच घडले. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, वस्त्यांतून धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. मुख्यमंत्री विधिमंडळात म्हणाले, त्याला श्वसनाचा आजार होता, दंडाधिकाऱ्यांपुढे त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती. पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण लिहिले होते, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का! त्या एका ओळीने सरकारचा सारा बनाव उघडा पाडला. सोमनाथची आई न्यायालयात गेली. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

यातून आपण काय शिकणार? मोर्चा कसा काढायचा हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. पण मोर्चानंतर जखमेचा कागद कसा करायचा, हे आपण शिकलो नाही. वळ चार दिवसांत काळेनिळे होऊन विरतात, सूज उतरते. मग न्यायालय विचारते, पुरावा कुठे आहे? अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी करून अहवालाची प्रत त्याला अथवा त्याने सांगितलेल्या माणसाला देणे कायद्याने बंधनकारक आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितले की अटकेच्या वेळच्या जखमा नोंदवाव्यात आणि कोठडीत दर 48 तासांनी तपासणी व्हावी. किती भीमसैनिकांनी ही प्रत मागितली?

म्हणून प्रत्येक वस्तीत, प्रत्येक बुद्धविहारात एक वकील आणि एक डॉक्टर आंदोलनाआधीच ठरलेला असावा. मार बसला की त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, जखमांचे फोटो तारखेसह काढावेत, दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहिल्यावर न घाबरता अंगावरचे वळ दाखवावेत. आणि समाजातून शिकून डॉक्टर झालेल्यांनो, दबावाला बळी न पडता जे दिसते तेच लिहा. समाजाचे ऋण फेडायचे ते असे.

बाबासाहेबांनी संघर्षाआधी शिक्षण सांगितले, ते उगाच नव्हे. रमाबाई नगरच्या शहिदांना आणि सोमनाथला अभिवादन करताना एवढे जरी केले, तरी पुढच्या वेळी खोटा अहवाल लिहिणाऱ्याचा हात थरथरेल.

जयभीम!