कचऱ्याची हद्द कुठे संपते?

आमच्या मेसच्या मागच्या गेटजवळ दोन डबे आहेत, एक हिरवा, एक निळा. मागच्या सेमिस्टरला त्यांच्यावर एक नोटीस लागली : 'बाहेरचा कचरा येथे टाकू नये.' खाली मेस कमिटीच्या सह्या. त्यात एक सही माझी.

नोटीस कुणासाठी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेसमधल्या मावशी गाढी नदीच्या पलीकडे एका गावात राहतात. सकाळी कामावर येताना त्यांच्या हातात घरच्या कचऱ्याची पिशवी असायची. पूल ओलांडून यायच्या आणि ती आमच्या डब्यात टाकायच्या. कुणीतरी तक्रार केली, मीटिंग झाली, आम्ही सह्या ठोकल्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडं गाडी येत नाही रे बाळा. मग काय नदीत टाकू?"

मित्रांनो, खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. नंतर विचार केला तेव्हा कळलं की प्रश्न मावशींचा नाहीच, हद्दीचा आहे.

नवीन पनवेल ही सिडकोने आखून वसवलेली वसाहत. 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुनं पनवेल, सिडकोच्या वसाहती आणि काही गावं तिच्यात आली. विचुंबे, देवद, सुकापूर, आकुर्ली अशी अगदी शेजारची गावं मात्र तेव्हा हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीतच राहिली. नकाशावर गाव, पण प्रत्यक्षात बघा. चार-चार मजली इमारती, भाड्याने राहणारी कुटुंबं, सकाळी खांदेश्वर आणि पनवेल स्टेशन गाठायची घाई. राहणी शहराची आणि सोयी गावाच्या, अशी ही गंमत!

आता कुणी म्हणेल, "ते ग्रामपंचायतीचं काम, आपला काय संबंध?" काम ग्रामपंचायतीचंच, मान्य. 1992 च्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे द्यायच्या विषयांत स्वच्छताही आहे. 2000 साली आपल्या राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावोगाव लोकांनी हातात झाडू घेतला. 2021 ते 2026 साठी पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. म्हणजे कायदा आहे, पैशाची सोयही केली गेली. मग अडतं कुठे?

माझ्या मते अडतं ते मापात. जुन्या गावात प्रत्येक घरामागे परस होतं, उकिरडा होता. खरकटं गुरांना, शेण-पालापाचोळा उकिरड्यात, तेच पुढे खत म्हणून शेतात. प्लॅस्टिक जवळपास नव्हतंच. इमारतीतल्या माणसाला ना परस, ना उकिरडा. त्याच्याकडे उरते फक्त पिशवी. आणि एकट्या पंचायतीने गाडी घ्यायची, माणसं ठेवायची, शेड बांधायची, वर जागाही शोधायची म्हणजे अवघडच. जागेचे भाव इथे काय आहेत ते रूम शोधणाऱ्या कुठल्याही होस्टेलाइटला विचारा!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नदीकाठच्या चार-पाच पंचायतींनी मिळून एक घंटागाडी आणि एक वर्गीकरणाची शेड चालवावी, आणि सुका कचरा शेजारच्या महापालिकेने ठरलेला दर घेऊन स्वीकारावा. यात कुणावर उपकार नाही. गाढी माथेरानच्या डोंगरातून येते आणि पनवेलवरून खाडीत जाते. पलीकडच्या काठावर टाकलेली पिशवी अलीकडच्या काठालाच लागणार. पाण्याला कुठे हद्द कळते?

छोट्या ठिकाणी हे जमत नाही असंही नाही. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ले, लोकसंख्या जेमतेम बारा-साडेबारा हजार. तिथल्या नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे करून दाखवले, डंपिंग ग्राउंडची जागा लोक बघायला येऊ लागले. आपल्या डोक्यावरच्या माथेरानला मोटारी चालत नाहीत, तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्राने ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प उभा राहिला. दोन्हीकडे सुरुवात एकच : ओला वेगळा, सुका वेगळा.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या हिरव्या डब्यात चमचे सापडतात, निळ्यात वरण-भात. साधा हिशोब करा. एकेकाने दिवसाला फक्त 100 ग्रॅम ताटात टाकलं, तरी 200 मुलांचे 20 किलो झाले. मावशींच्या घरची पिशवी किती असेल? किलोभर? आणि बंदी कुणावर? किलोवाल्यावर!

मी मेस कमिटीला दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत. एक, ती नोटीस काढावी, आणि मावशींसारख्या इथे राबणाऱ्या माणसांना वर्गीकरण केलेला कचरा डब्यात टाकू द्यावा. दोन, मागच्या मोकळ्या जागेत कंपोस्टचे दोन खड्डे करावेत. ओल्या कचऱ्यात सुका पाला घालायचा, ओल निम्म्याच्या थोडी वर ठेवायची, अधूनमधून खालीवर करायचं, बस्स. यात रॉकेट सायन्स नाही. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या दोघा-चौघांना यातून फायनल इयरचा प्रोजेक्टसुद्धा मिळेल, तोही विकत न घेता!

सरांनी आणि वॉर्डन मॅडमनी हे वाचलं तर कृपया पुढच्या मीटिंगला विषय घ्यावा. मावशी हल्ली पिशवी आणत नाहीत. कचरा कुठे जातो, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.