शेवटी उतरणारी बाई

बाईच्या प्रवासाला आपल्याकडे कारण लागतं. माहेरी कुणी आजारी आहे, दवाखान्यात जायचंय, कोर्टाची तारीख आहे, बाजार आहे, नाहीतर देव आहे. जोतिबाला किंवा पंढरपूरला जाते म्हटलं तर घरचे फारशी खळखळ करत नाहीत. पण ‘मला समुद्र बघायचाय’ हे काही कारण होत नाही. ती हौस ठरते, आणि बाईची हौस घरातल्या सगळ्यांचं सगळं झाल्यावर, उरलंसुरलं तर.

गेली दहा-बारा वर्षं मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गटांबरोबर काम करते आहे. बैठकीत कधीतरी सहज विचारते, “समुद्र कुणीकुणी पाहिलाय?” जत किंवा माणसारख्या दुष्काळी तालुक्यात मोजकेच हात वर होतात. आणि समुद्र काही परदेशात नाही. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, पुढे गुहागर. मिरजेहून कोल्हापूरवरून आंबा घाट उतरलं की रत्नागिरी. सकाळी निघालेली बाई दुपारी लाटेत पाय बुडवू शकते. अंतर हा अडथळाच नाही. कशानं जायचं, कुणाबरोबर जायचं आणि गाडीतून शेवटी कुणी उतरायचं, हे अडथळे आहेत. म्हणून या वेळी प्रवासावर, आणि त्यातही सामायिक गाडीवर लिहिते आहे.

गाडी दोन प्रकारे मिळते. एक, अख्खी गाडी ठरवायची. दुसरी, एका सीटचे पैसे देऊन बसायचं. अख्खी गाडी ठरवते ती कोण? जिच्या हातात पैसा आहे आणि निर्णय आहे ती. आपल्यातल्या बहुतेकींच्या हातात दोन्ही नाही. ‘स्पेशल गाडी’ म्हणजे नवरा, दीर किंवा मुलगा ड्रायव्हरशी बोलणार, कधी निघायचं, कुठे थांबायचं तेच ठरवणार. एका सीटचं तसं नाही. मजुरीतले पैसे गाठीला बांधून एकटी बाई त्या सीटवर बसू शकते, कुणाला न विचारता. परित्यक्ता असो, विधवा असो, कॉलेजची मुलगी असो, तिला परवडणारं स्वातंत्र्य एका सीटच्या मापाचं असतं. म्हणून सामायिक वाहनाचा प्रश्न हा नुसता वाहतुकीचा नाही, तो आपला प्रश्न आहे.

आपल्या भागात सामायिक गाडी म्हणजे वडाप. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर जीप उभी असते, पोरगं गावाचं नाव घेऊन ओरडत असतं, आणि ‘शिटा’ भरल्याशिवाय ती हलत नाही. आपण तिथे माणसं नसतो, शिटा असतो. दहांच्या जागी पंधरा कोंबतात तेव्हा बाईला सगळ्यात आधी कळतं की कोण मुद्दाम रेटतो आहे आणि कोण नाइलाजानं. तरीही वडापला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. एसटी जिथे दिवसातून दोनदा जाते किंवा जातच नाही, तिथे बाळंतिणीला दवाखान्यात वडापनंच आणलं आहे. २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि २०२२च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कामगारांच्या मागण्या न्याय्य होत्या. त्या महिन्यांत खेड्यातल्या मुलींची शाळा-कॉलेजची वाट मात्र वडापच्याच भरवशावर राहिली. मुलींना एसटीचा मोफत पास असतो. वडापला पास चालत नाही.

कायदा काय म्हणतो? १९८८च्या मोटार वाहन कायद्यात दोन प्रकारचे परवाने वेगळे केले आहेत. ठरलेल्या मार्गावर, टप्प्याटप्प्यानं प्रवासी घेत-उतरवत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेणारी गाडी, म्हणजे टप्पा वाहतूक. आणि एकाच करारावर अख्खी भाड्यानं दिलेली गाडी, म्हणजे कंत्राटी वाहतूक. वडापच्या बहुतेक गाड्या चालवतात टप्पा वाहतूक, पण तिचा परवाना त्यांच्याकडे नसतो. म्हणजे कागदावर आपण त्या गाडीत नसतोच! तिकीट नाही, नोंद नाही, वेळापत्रक नाही. काही घडलं तर ‘मी या गाडीत होते’ हे सिद्ध करण्यापासून बाईला सुरुवात करावी लागते. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२च्या रात्री जी घटना घडली, त्यातली बसही खासगी होती. त्या मुलीनं आणि तिच्या मित्रानं ती नेहमीची प्रवासी बस समजूनच तिच्यात पाय ठेवला होता. तिला तसे प्रवासी घेण्याची परवानगी नव्हती.

आता विमानतळाबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्या बाया कुठे विमानात बसतात? मैत्रिणींनो, बसतात. मिरजेच्या दवाखान्यांत शिकलेल्या नर्स आखातात जातात. बचत गटाच्या बाया दिल्लीच्या प्रदर्शनात माल घेऊन जातात. आपल्या कार्यकर्त्या परिषदांना जातात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत प्रवासी विमानसेवा नाही, म्हणून आपण पुणे, कोल्हापूर किंवा गोवा गाठतो. समुद्राच्या अंगाला गेल्या काही वर्षांत दोन नवे विमानतळ झाले. सिंधुदुर्गात चिपी ऑक्टोबर २०२१मध्ये, आणि उत्तर गोव्यात मोपा, जिथून जानेवारी २०२३मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. मोपाहून कदंब महामंडळाच्या बस पणजी, मडगाव आणि म्हापसामार्गे कळंगुटच्या किनाऱ्याकडे जातात. ही सरकारी शटल बस. तिच्यावर नंबर आहे, तिकीट आहे, भाडं ठरलेलं आहे. शेजारी मधुचंद्राला आलेलं जोडपं बसो की हॉटेलात स्वयंपाक करणारी बाई, सीटचा दर एकच.

पण बस चुकली तर? दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी मी एकटीच रात्री विमानानं उतरले आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या एका खासगी शेअर गाडीत बसले. सहा प्रवासी होते. एकेक हॉटेल येत गेलं, एकेकजण उतरत गेला. महागडी हॉटेलं मुख्य रस्त्यावर. आमच्या संस्थेनं घेतलेली स्वस्त खोली आतल्या वाडीत. साहजिकच शेवटी राहिले मी. मग वाटेत ड्रायव्हरनं त्याच्या एका मित्राला पुढच्या सीटवर घेतलं. मला विचारलं नाही. पुढची वीस मिनिटं मी हातात मोबाइल धरून, बहिणीशी बोलत असल्याचं नाटक करत बसले होते. काही घडलं नाही. दोघं माझ्याशी नीट बोलले, बॅगही उतरवून दिली. पण ‘काही घडलं नाही’ एवढ्यावर आपण समाधान मानायचं का? सगळ्यांनी भाडं सारखंच दिलं होतं. बाकीच्या पाच जणांनी प्रवास केला. मी पहारा केला.

ही गोष्ट गोव्याची नाही, प्रत्येक वडापची आहे. शेवटच्या वाडीतली बाई, अंधार पडलेला, आधीचे सगळे उतरून गेलेले. आणि शेवटी उतरणारी बाई बहुधा गरीब असते. कारण लांबची वाडी, स्वस्त खोली, वस्तीच्या कडेचं घर तिच्याच वाट्याला येतं. जातीनं ज्यांना गावाच्या टोकाला ठेवलं त्या बायाही गाडीतून शेवटीच उतरतात. सुरक्षिततेचा हिशेब करताना ही गोष्ट सहसा कुणी मोजत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी मुलीवर कंपनीसाठी लावलेल्या गाडीच्याच ड्रायव्हरनं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून तिचा खून केला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी नियम केला की गाडीत पहिली चढणारी आणि शेवटी उतरणारी बाई एकटी असू नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं मालकानं पुरवलेलं वाहनही ‘कामाचं ठिकाण’ मानलं. म्हणजे नोकरदार बाईसाठी नियम सुचला, कायदाही झाला. मग स्वतःच्या पैशानं सीट घेणाऱ्या बाईसाठी तो का सुचू नये? शेतमजूर बाई कुणाची कर्मचारी नाही, म्हणून तिचा जीव स्वस्त आहे का?

इथे कुणी म्हणेल, मग बायांनी सरकारी गाडीनंच जावं. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायांना निम्मं तिकीट आहे. ‘अर्ध्या तिकिटाच्या बाया’ म्हणून टोमणे ऐकत का होईना, आपल्या बाया मोठ्या संख्येनं बाहेर पडल्या, आणि त्याचं स्वागत केलंच पाहिजे. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. पणजीच्या गाडीत बांद्याच्या पुढे पूर्ण भाडं लागतं. स्टँडपासून वाडीपर्यंतच्या शेवटच्या तुकड्यालाही ती नाही, आणि बाईचा प्रवास अडतो तो नेमका याच तुकड्यावर.

शिवाय सरकारी म्हणजे सुरक्षित असंही नाही. २५ फेब्रुवारी २०२५ची पहाट आठवा. पुण्याच्या स्वारगेट स्थानकात एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. साताऱ्याची गाडी दुसरीकडे लागली आहे असं सांगून एका माणसानं तिला स्थानकातच उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाही बसपर्यंत नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, असा गुन्हा नोंदवला गेला. तो तिला ‘ताई’ म्हणाला होता. नंतर चर्चा कशाची झाली? ती ओरडली का नाही, याची. कुठली गाडी कुठे लागणार हे सांगणारी आवाजी सूचना पहाटे का नव्हती, रिकाम्या बसचे दरवाजे उघडे का होते, हे प्रश्न त्या मुलीला विचारायचे नव्हते. ते स्थानक चालवणाऱ्यांना विचारायचे होते. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत त्याचा परिणाम काय झाला? ‘पहाटेच्या गाडीनं जायचं नाही’ असं कित्येक घरांत मुलींना बजावलं गेलं. गुन्हा एकाचा आणि वेळापत्रक बदललं मुलींचं.

मग बायांसाठी वेगळी गाडी हवी का? केंद्र सरकारच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ॲपवरच्या शेअर गाडीत बाईला फक्त बायांबरोबर बसण्याचा पर्याय द्यावा असं म्हटलं होतं. पर्याय म्हणून तो असावा. रात्री एकटीनं जाणाऱ्या मुलीला त्याचा आधार वाटेल. पण पर्याय हा नियम होता कामा नये. उद्या ‘तुमची वेगळी गाडी आहे ना, मग यात कशाला चढलात?’ असं विचारलं जाईल. राखीव सीटवर पुरुष बसला तर उठवायला आपल्याला भांडावं लागतं, आणि राखीव नसलेल्या सीटवर आपण बसलो तरी भांडावंच लागतं, हा अनुभव जुना आहे. शिवाय ‘बायांची गाडी’ म्हणजे कुठल्या बायांची? देवदासी बाईला, धंदा करणाऱ्या बाईला, तृतीयपंथी व्यक्तीला त्यात सीट मिळेल का? सांगलीत राहून हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. म्हणून आपली मागणी सामायिक गाडी सर्वांसाठी सुरक्षित व्हावी ही आहे.

नेमकं काय मागायचं, तेही बोलू या. वडापला एकतर हाकलणं किंवा हप्ता घेऊन डोळेझाक करणं, हे दोन्ही थांबवून मार्ग ठरवून तिला परवाना द्यावा. थांब्यावर गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि भाडं लिहिलेला फलक असावा. अंधार पडल्यावर शेवटी एकटी बाई राहणार असेल तर उतरवण्याचा क्रम बदलावा, आणि तिला न विचारता नवा माणूस गाडीत घेऊ नये. २०१९पासून नोंदणी झालेल्या प्रवासी चारचाकी गाड्यांत गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण असणं बंधनकारक आहे. ते चालतं का, हे परिवहन कार्यालयानं कागदावर न तपासता गाडीत बसून तपासावं. प्रत्येक एसटी स्थानकात रात्री आणि पहाटे दिवे, चालू संडास आणि आवाजी सूचना असाव्यात. आणि चाकामागे बाया याव्यात. एसटीत बाया कंडक्टर होऊन बराच काळ लोटला. २०२३मध्ये पहिली बाई बसही चालवू लागली. वडापच्या स्टिअरिंगवर मात्र मला अजून एकही बाई दिसलेली नाही.

हे सगळं मागताना समुद्र विसरू नका. कामासाठी, आजारासाठी जाणाऱ्या बाईला संरक्षण द्या असं म्हटलं की समाज मान डोलावतो. उगीच फिरायला निघालेल्या बाईचं नाव काढलं की भुवया वर जातात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायांबद्दल हेच मांडलं, की विनाकारण बाहेर असण्याचा हक्क मिळाल्याशिवाय सार्वजनिक जागा बाईची होत नाही. शहरातल्या बाईला हे लागू असेल, तर आटपाडीतल्या बाईला का नाही? कारण असेल तरच संरक्षण, हे संरक्षण नव्हे, ती परवानगी झाली.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्या गावाहून तालुक्याला जाणारी एक वाट निवडा. शेवटची गाडी किती वाजता आहे, त्यात कोण असतं, भाडं किती, थांब्यावर दिवा आहे का, आणि शेवटी कोण उतरतं, हे आठवडाभर वहीत लिहून काढा. गाडीवाल्यांशीही बोला, त्यांच्याही घरी मुली आहेत आणि त्यांच्याही अडचणी आहेत. अडचणीच्या वेळी ११२ आणि १८१ हे क्रमांक लावून बघा, कुणी उचलतं का, किती वेळानं उचलतं, तेही लिहा. वह्या आमच्याकडे पाठवा. सातारा आणि सांगलीच्या परिवहन कार्यालयांसमोर आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांसमोर आपण त्या एकत्र ठेवणार आहोत.

आणि एखाद्या गटानं ठरवलंच, की वर्गणी काढून, घरी फक्त कळवून, कारण न देता गुहागरला जायचं, तर तोही अनुभव लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.