‘फॉरमॅट मारू’ म्हणणाऱ्यांना

मंडळी, आज जरा भांडायचंय.

आमच्या जालन्यात संगणक सुरू होतानाच निळा पडदा दाखवून बसला, की दुकानदार त्यावरचं वाचतही नाही. “फॉरमॅट मारू, संध्याकाळी घेऊन जा!” अंबडच्या मावसभावाच्या बियाण्यांच्या दुकानाचं दोन हंगामांचं उधारीचं खातं असंच पुसलं गेलं. आणि चार दिवसांत निळा पडदा पुन्हा हजर! दोष रॅमच्या पट्टीत होता. फॉरमॅटने रॅम कशी सुधारणार?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आत काही गंभीर बिघडलं की तो मुद्दाम सगळं थांबवतो, नाहीतर डिस्कवर भलतंच काही लिहिलं जाईल. थांबताना कारणाचा धागा मात्र ठेवून जातो. लिनक्सवर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ दिसलं, तर कर्नल चढलाय, त्याला मूळ फाइल सिस्टिम तेवढी जोडता आलेली नाही. डिस्कवरचा डेटा बहुधा शाबूत असतो. संदेश दिसतच नसतील तर बूटच्या ओळीतला ‘क्वाएट’ शब्द काढा, गाडी कुठवर पोचली ते कळतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : “गिऱ्हाइकाला घाई असते हो.” मग १९ जुलै २०२४ ला काय घाई नव्हती? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, जगभरातली ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. २० रकाने हाती असताना त्यांचा कोड एकविसावा वाचायला गेला. हा ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच चढणारा, त्यामुळे यंत्र सुरू व्हायचं नि पुन्हा पडायचं. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आणि उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढून टाकणं! कारण शोधलं गेलं म्हणून बाकीचा डेटा वाचला.

फॉरमॅट कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. पण आधी संदेश वाचा, रॅम तपासा, डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. त्यानंतर खुशाल मारा. त्याआधी मारलेला फॉरमॅट म्हणजे पुरावा जाळणं, आणि त्याचे पैसेही आपणच मोजायचे!

तेव्हा पुढच्या खेपेला पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानदाराला विचारा, “यात काय लिहिलंय?” उत्तर आलं नाही, तर यंत्र उचला आणि पुढचं दुकान गाठा.