रंग नवा, कागद जुने

मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी भाचीचा फोन आला. "खाला, रविवारी मोकळ्या आहात का? एक घर बघायचंय. भायखळ्यात."

भायखळ्याचं नाव ऐकल्यावर मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. माझं सारं लहानपण तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. अब्बा गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी अगदी लहान होते. घरातली तांब्या-पितळेची भांडी कशी एकेक करून गेली, हे अम्मी पुढे कित्येक वर्षं सांगायची.

आता त्या भागाचं रूपच बदललं आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. राणीच्या बागेजवळचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पुन्हा झळाळलं. स्थानकाची जुनी दगडी इमारत मूळ रूपात दुरुस्त झाली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पूर्वी आम्ही "भायखळ्यात राहतो" हे जरा हळू आवाजात सांगत असू. आता एजंट तेच नाव छाती फुगवून सांगतात.

या एजंटने घराचं वर्णन 'पूर्ण नूतनीकरण केलेला टू बीएचके कॉन्डो' असं केलं होतं. घर माशाअल्लाह देखणं होतं. चकचकीत फरशा, पीओपीचं छत, मॉड्युलर किचन, बाथरूममध्ये काचेचा पडदा. भाचीचा नवरा दोहाला असतो. त्याला तिने व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून दाखवलं. त्याला इतकं आवडलं, की "आजच टोकन देऊन टाक" म्हणाला. एजंटही तेच म्हणत होता, "संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे."

मी भाचीला बाजूला घेतलं. "बेटा, व्हिडिओत ओलीचा वास येत नाही. जरा थांब."

मी शिक्षिका आहे. वहीचं कव्हर बघून मार्क देत नाही, आतली पानं उलटते. इथेही तेच केलं. पर्समधली टेप काढली आणि दोघींनी खोल्या मोजल्या. एजंट ७६० चौरस फूट म्हणत होता, आमचं मोजमाप ५२० च्या आसपास आलं. तो बिल्ट-अप सांगत होता, आम्ही कार्पेट मोजत होतो, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा. बहिणींनो, भाव नेहमी कार्पेटवर काढा. राहायचं तर आतल्या जागेतच असतं.

मग मी खालच्या मजल्याची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी काही न विचारताच बाथरूमचं छत दाखवलं. पोपडे सुटलेले, एका कोपऱ्यात सळई दिसत होती. वरच्या घरात बाथरूम मोठं केलं तेव्हापासून दोन वर्षं गळतंय, सोसायटीकडे तक्रारी पडून आहेत, असं त्या म्हणाल्या. वर पीओपी आणि ताजा रंग असल्यामुळे आम्हाला यातलं काहीच दिसलं नव्हतं. घर घेताना शेजाऱ्यांशी बोलणं ही नुसती ओळखपाळख नसते, तीही एक तपासणीच असते.

नंतर कागदांकडे वळलो. 'कॉन्डो' हा शब्द एजंटने हौसेने वापरला होता. महाराष्ट्रात १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे. त्याखाली 'कॉन्डोमिनियम' असेल तर तुम्ही स्वतःच्या फ्लॅटचे मालक होता आणि सामाईक जागेत तुमचा अविभक्त हिस्सा असतो. इथे मात्र सरळ सहकारी गृहनिर्माण सोसायटी होती. त्यामुळे शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, एवढं हवंच. इमारत १९८९ ची. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, म्हणून तोही अहवाल मागितला. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडली होती, तिची परवानगी मागितली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हस्तांतरणासाठी 'डोनेशन' म्हणून मोठा आकडा सांगितला. सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे आमच्या वकिलांनी त्यांना शांतपणे सांगितलं.

संध्याकाळची ती 'दुसरी पार्टी' काही आलीच नाही. आठवड्याने एजंटचाच फोन आला. गळती आधी दुरुस्त करायची, खालच्या बाईंकडून तसं लिहून घ्यायचं, मगच करार, या अटीवर मालक तयार झाले.

इथवर सगळं ठीक होतं. खरी अडचण पुढे आली.

व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हे त्या दोघांनी आधीच ठरवलं होतं. जावयाची चौदा वर्षांची बचत होती, सासऱ्यांनी गावची जमीन विकली होती, तरी रक्कम कमी पडत होती. म्हणून भाचीने आपले दागिने मोडले. त्यात माझ्या बहिणीने दिलेलं सोनं होतं आणि मेहरचंही. कराराचा मसुदा आला तेव्हा मी तो वाचला. खरेदीदार म्हणून दोन नावं होती, जावयाचं आणि सासऱ्यांचं.

मी विचारलं, "तुझे दागिने कुठे लिहिलेत?"

ती हसली. "खाला, घरच्या माणसांत असा हिशोब करतात का?"

मी तिला आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंची गोष्ट सांगितली. त्यांचेही दागिने घरासाठी गेले. घर दिराच्या नावावर घेतलं, कारण तेव्हा तेच सोयीचं होतं. नवरा अडतिसाव्या वर्षी अचानक गेला. दीर वाईट माणूस नव्हता, पण त्याचीही मुलं मोठी होत होती. दोन वर्षांनी त्या बाई दोन लेकरांना घेऊन भाड्याच्या खोलीत आल्या. त्यांच्या सोन्याचा एक ओळीचाही कागद कुठे नव्हता. भांडायचं तरी कशाच्या आधारावर?

भाची गप्प झाली. मग तिने स्वतःच दोहाला फोन लावला आणि मला द्यायला लागली. मी म्हटलं, "नाही, तूच बोल." ती बोलली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग जावई म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही. अब्बांशी मी बोलतो." सासऱ्यांनी तर मोठं मन दाखवलं. "सूनबाईंचं नाव आधी लिहा," म्हणाले.

ऑगस्टमध्ये नोंदणी झाली. तीन नावं, आणि प्रत्येकाचा हिस्सा त्याने घातलेल्या पैशांप्रमाणे टक्क्यांत लिहिलेला. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे एक कोटीवर एक लाख. पुरुषाचं नाव जोडलं की ती मिळत नाही. त्यामुळे यांना ती मिळाली नाही, पण प्रत्येकाचा हक्क कागदावर आला. केवळ सवलतीसाठी बायकोचं नाव लावायचं आणि मनात घर स्वतःचंच समजायचं, हेही बरोबर नाही. नाव लावलं की हक्क दिला, हे मान्य असेल तरच लावावं.

पुष्कळ बहिणींना वाटतं, की असं मागणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास. मला तसं वाटत नाही. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवावं, साक्षीदार ठेवावेत, हे सूरह बकराने किती तपशिलाने सांगितलं आहे. ते काय एकमेकांच्या वैऱ्यांसाठी आहे? नाती गोड असतात तेव्हाच लिहायचं असतं. कडू झाल्यावर कुणी सही करत नाही. स्त्रीची कमाई, तिचं मेहर, तिचा वारसाहक्क तिचाच असतो, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. मग रजिस्ट्रारच्या कचेरीत तेच सांगताना संकोच कशाला?

परवा भाचीने फोनवर विचारलं, "खाला, हॉलला कोणता रंग देऊ?" मी म्हटलं, "आता तुला आवडेल तो दे."

अल्लाह प्रत्येकाला हक्काचं छप्पर देवो, आणि त्या छपराखाली कुणाचा हक्क बुडू न देवो. आमीन.