सावलीचा हिशेब

आमच्या घराच्या आग्नेय कोपऱ्यात एक कडुलिंब आहे. १९७२च्या दुष्काळानंतर वडिलांनी तो लावला. मिरजगाव पडले पर्जन्यछायेतले. इथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि ऊन मात्र घरच्यासारखे राहते. मग गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे सुचायला इतकी वर्षे का लागली, असे कोणी विचारलेच तर उत्तर एवढेच, की मी मराठी शिकवतो!

गच्ची पाहायला आलेला तरुण हुशार होता. त्याने टेप लावली, मान वर केली आणि म्हणाला, "सर, सहा पॅनेल, तीन किलोवॅट सहज बसेल. फक्त हे झाड काढावं लागेल."

आई खाली तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"एका कोपऱ्यावर सावली पडली तर बिघडतं काय?" मी विचारले. माझा भोळा समज असा, की सहांतले एक झाकले तर सहावा हिस्सा वीज जाईल! पण पॅनेल एकापुढे एक जोडलेले असतात. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ना, तसे. मधला एक गडी मंदावला की सारी रांग मंदावते. म्हणून प्रत्येक पॅनेलमध्ये बहुधा तीन आडवाटा ठेवतात. त्यांना म्हणायचे बायपास डायोड. थकलेल्याला वगळून घमेले पुढे जाते. पण वगळलेल्याचे काम बुडतेच. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर लावला, तर एकाच्या आळसाची शिक्षा दुसऱ्याला होत नाही. खर्च मात्र वाढतो.

मी २२ डिसेंबरपर्यंत मुदत मागितली. त्या दिवशी मध्यान्हीची सावली वर्षातली सर्वांत लांब. वर्गातला खडू घेऊन मी गच्चीवर चढलो. झाडाचा शेंडा गच्चीहून दहा फूट उंच. साडेनऊला सावली वायव्येकडे अठरा फूट पसरली. साडेबाराला नऊ फुटांवर येऊन उत्तरेकडे वळली. साडेतीनला गच्ची सोडून ईशान्येकडे अंगणात उतरली. पश्चिमेकडच्या भागाला मात्र ती दिवसभर शिवली नाही. तिथे चार पॅनेल बसत होते, म्हणजे दोन किलोवॅट.

आता पैशांचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान, तीनला ७८,०००. शिवाय एका किलोवॅटमागे दिवसाकाठी सुमारे चार युनिट वीज. अनुदानातले १८,००० आणि रोजची चार युनिटे, ही झाली कडुलिंबाची किंमत. प्राध्यापकाच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढा हिशेब केलात, तर आईंनाही विचारा."

आई म्हणाली, "उन्हाळ्यात दुपारभर मी त्याच्याखालीच बसते. तेव्हा घरातला पंखा बंद असतो, तो धरलास का हिशेबात?"

नव्हता धरला.

मार्चमध्ये चार पॅनेल बसले. उन्हाळ्यात बिल थोडे येते, ते भरतो. पण काम चालले होते त्या दिवसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. भर दुपारी तो तरुण घामाने निथळत खाली उतरला आणि सरळ कडुलिंबाखाली जाऊन टेकला. आईने ताकाचा पेला त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बस हो बाळ निवांत. इथं मीटर नाही."