बाहुबलींना घाई नव्हती, सीडीवाल्याला का?



महिला मंडळात कार्टूनचा विषय निघाला की तक्रार ठरलेली असते. त्यात अंडं दाखवतात, मासे पकडतात, मध्यरात्री फ्रीज उघडून खातात. उपायही ठरलेला असतो : "त्यापेक्षा धार्मिक कार्टून लावून द्या ना!" मग पूजेच्या प्रभावनेत स्टीलच्या डब्याऐवजी कार्टूनची सीडी येते. हल्ली पेन ड्राइव्ह येतो, नाहीतर ग्रुपवर लिंक येते. आई निर्धास्त होते. वर भगवंतांचा फोटो आहे, म्हणजे आत वाईट काय असणार? मला आज या निर्धास्तपणाशीच भांडायचं आहे.

थिएटरात नाही, टीव्हीवरही नाही, थेट घरात विकायची कार्टून मालिका ही काही आपल्याकडची युक्ती नव्हे. जपानमध्ये १९८३ साली 'डॅलॉस' नावाची मालिका अशी थेट व्हिडिओवर आली. डिस्नेने १९९४ मध्ये अलादीनचा पुढचा भाग, 'रिटर्न ऑफ जाफर', थिएटरात न लावता सरळ कॅसेटवर विकला. आपल्याकडे २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणली आणि सीडी भाजीच्या भावात आली. लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादेत, भक्तिगीतांच्या शेजारी पंचतंत्र, हनुमान, कृष्ण असे कार्टूनचे गठ्ठे दिसू लागले.

या थेट घरी येणाऱ्या मालिकेची एक गोष्ट लक्षात घ्या. थिएटरातला सिनेमा चार लोक आधी बघून आलेले असतात. टीव्हीवरच्या कार्यक्रमाची शेजारीपाजारी चर्चा होते. सीडीचं मात्र फक्त वरचं चित्र दिसतं. आतलं पहिल्यांदा बघतो तो आपला पाच वर्षांचा मुलगा, आणि त्या वेळी आपण स्वयंपाकघरात असतो. आपण डाळ निवडून घेतो, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. गोष्ट मात्र न गाळता मुलांच्या कानात ओततो.

गाळायचं म्हणजे काय? अंडं आणि मासा डोळ्यांना दिसतो, तो कोणीही वेचून काढेल. बारीक खडा वेगळा आहे. गोष्टीत शेवटी जिंकतं कोण आणि कशाने, हा तो खडा. २००८ साली पोगोवर आलेला छोटा भीम चांगला मुलगा आहे, मित्रांच्या मदतीला धावतो. पण दर गोष्टीचा शेवट एकच : लाडू खाल्ला, ताकद आली, दुष्टाला बदडलं. त्या मालिकेला मी दोष देत नाही, तिने अहिंसा शिकवायचा वसा घेतलेला नाही. माझा राग आपल्याच लोकांवर आहे. आपण आपल्या पुराणातल्या कथा घेतो आणि त्याच साच्यात ओततो.

भरत-बाहुबलींची कथा घ्या. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी. मंत्री म्हणतात, भांडण दोघा भावांचं, मग हजारो जीव का जावेत? म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरतं. म्हणजे कथेची सुरुवातच जीव वाचवण्यापासून आहे. बाहुबली तिन्हींत जिंकतात. मल्लयुद्धात मोठ्या भावाला वर उचलतात, पण आपटत नाहीत. चिडून भरत चक्र सोडतो, ते बाहुबलींना प्रदक्षिणा घालून थांबतं. आणि जिंकलेला माणूस राज्य सोडून निघून जातो. पुढे वर्षभर उभं राहून तप. पायाशी वारुळं, अंगावर वेली. श्रवणबेळगोळला जाऊन आलेल्या प्रत्येकीने त्या वेली पाहिल्या आहेत. मूर्ती घडवणाऱ्याने कुस्ती घडवली नाही, उभं राहणं घडवलं.

मी पाहिलेल्या एका सीडीत (नाव घेत नाही) निम्मा वेळ कुस्ती होती. ढोल, धूळ, आरोळ्या. चक्र सुटताना विजा चमकल्या. उचललेल्या भावाला न आपटण्याचा क्षण असा झर्रकन गेला की मुलांना कळलाही नाही. वर्षभराचं तप काही सेकंदांत आटोपलं आणि आरती सुरू झाली. सीडी संपल्यावर मुलं काय खेळली? गादीवर कुस्ती. त्यांचं काय चुकलं? त्यांना जे दाखवलं तेच त्यांनी उचललं.

आता आपल्या दारची कथा. कुंथलगिरी आपल्याला काही लांब नाही, धाराशिव जिल्ह्यातच आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनी तिथून मोक्षाला गेले. ध्यानात असताना त्यांच्यावर घोर उपसर्ग झाला आणि वनवासात फिरणाऱ्या राम-लक्ष्मणांनी तो दूर केला. या कथेवर उद्या कोणी कार्टून काढलं तर नायक कोण होईल सांगा? धनुष्याचा टणत्कार होईल, राक्षस पळतील, आणि ज्यांच्यासाठी ती कथा आहे ते दोन मुनी मागे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे उभे राहतील. खरं तर रामही तिथे मुनींची सेवा करायला आले होते. उपसर्ग चालू असताना जे हलले नाहीत, त्यांच्यासाठी आपण आजही तो डोंगर चढतो.

यावर तीन उत्तरं मिळतात. तिन्ही मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर : मारामारी नसेल तर मुलं बघत नाहीत. अमेरिकेत १९९३ मध्ये फिल व्हिशर आणि माइक नॉरॉकी यांनी 'व्हेजीटेल्स' नावाची मालिका काढली. ख्रिस्ती मुलांसाठी, अर्ध्या-अर्ध्या तासाची, थेट व्हिडिओ कॅसेटवर. नायक कोण? बॉब नावाचा टोमॅटो आणि लॅरी नावाची काकडी! (मंडळीत गाजरही आहे, आपल्याला वर्ज्य असलं तरी.) त्या काळी संगणकावर हात, केस, कपडे काढणं अवघड होतं, म्हणून भाज्यांना हातच दिले नाहीत. ठोसा मारायचा तरी कशाने? अंधाराची भीती, खोटं बोलणं, माफ करणं अशा विषयांवरच्या त्या कॅसेटी लाखोंनी खपल्या. बिनहाताच्या टोमॅटोसमोर मुलं अर्धा तास बसतात, तर बाहुबलींसमोर का बसणार नाहीत? आणि मुलांना स्थिर उभं राहणं आवडत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा गल्लीत 'स्टॅच्यू' खेळणारी पोरं बघावीत.

दुसरं उत्तर : पैसा. हे तर उलटंच आहे. व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चौकटी लागतात. धावणाऱ्या, लढणाऱ्या माणसासाठी दर एक-दोन चौकटींना नवं चित्र काढावं लागतं. कायोत्सर्गात उभ्या मुनींना एकच चित्र पुरतं. मग वेल हळूहळू चढू दे, ऋतू बदलू दे, पाऊस पडू दे, पाखरू येऊन बसू दे. सगळ्यात स्वस्त प्रसंग तोच आहे. कमी पडतो तो पैसा नाही, धीर. मूल कंटाळेल या भीतीने आपण धर्माचा गाभाच कापून टाकतो.

तिसरं उत्तर : युद्धं आपल्या पुराणातही आहेत. आहेतच. पण आपलं पुराण घावाचा हिशेब ठेवतं. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात रावणाला राम मारत नाहीत, लक्ष्मण मारतो. पुढे लक्ष्मण नरकात जातो आणि राम दीक्षा घेऊन मोक्षाला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीला आपण त्यासाठीच हात जोडतो. जिंकल्यावर पुढे काय झालं, हे आपली कथा विचारते. कार्टून जिंकल्यावर संपतं. हा फरक मुलांना कोण सांगणार?

कोणी म्हणेल, बाईंना नव्या गोष्टींचं वावडं आहे. मुळीच नाही. संस्कृत-प्राकृत न येणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत कथा पोचावी म्हणून गुणदासांनी श्रेणिकचरित्र, गुणकीर्तींनी पद्मपुराण आणि जिनदासांनी हरिवंशपुराण मराठी ओवीत आणलं. ओवी हे त्या काळचं घरोघरी पोचणारं साधनच होतं. त्यांनी भांडं बदललं, दूध नासवलं नाही. सीडी असो, मोबाईल असो, भांड्याशी माझं भांडण नाही.

नुसत्या गोड नीतिकथांवरही समाधान मानू नका. त्याच व्हिशरनी पुढे मुलाखतीत कबूल केलं, की आपण इतकी वर्षं मुलांना चांगलं वागायला सांगितलं, धर्म मात्र शिकवला नाही. "खरं बोला, वाटून खा" हे शाळेतही शिकवतात. उचललेला भाऊ खाली का ठेवला, हे शाळेत कोणी सांगत नाही. ते आपल्यालाच सांगायचं आहे.

म्हणून मैत्रिणींनो, दशलक्षण पर्वाच्या आधी प्रभावना काय वाटायची याची बैठक होते, तिथे गप्प बसू नका. कोणी कार्टूनचं नाव काढलं की विचारा : कोणी पूर्ण बघितलंय का? यात जिंकतो तो कशाने जिंकतो? तप किती मिनिटं दाखवलंय आणि लढाई किती? आपली मुलं घरात बोलतात त्या मराठीत आहे का? चारही उत्तरं नीट मिळाली तर खुशाल वाटा, माझ्याकडूनही वर्गणी घ्या. नाही मिळाली तर तेच पैसे चार वर्षं साठवा आणि कुंथलगिरीच्या दोन भावांवर वीस मिनिटांचं एकच चांगलं कार्टून करून घ्या. आपल्या मराठवाड्याच्या बोलीत, आणि शेवटची पाच मिनिटं नुसतं उभं राहण्याची. तोवर मुलांना जवळ घेऊन कथा आपणच सांगू. सांगताना त्या क्षणापाशी थांबायचं, आणि मूल "मग?" विचारेपर्यंत पुढे जायचं नाही.