कैवार कोणाचा, कशासाठी

दिवेकर, पेणकर, केहिमकर, चेऊलकर अशी ज्यांची आडनावे, घरात ज्यांची बोली मराठी, आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांच्या पूर्वजांना कोकणाने ‘शनवार तेली’ हे नाव दिले, अशी बेने इस्रायल समाजाची यहुदी माणसे १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला, यहुद्यांना इस्रायलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीपुढे धरणे धरून बसली होती. यहुदी राष्ट्राचा खरा कैवारी कोणास म्हणावे, हा वाद आपल्याकडे ज्या हिरिरीने चालतो तो ऐकताना माझे मन वारंवार त्या धरण्याकडे जाते, आणि म्हणून या आठवड्यात इतर परराष्ट्रीय घडामोडी बाजूस ठेवून त्याचीच हकीकत सांगावी असे वाटते.

इस्रायलमध्ये यहुद्यांच्या विवाहाचा सारा अधिकार धर्मपीठाच्या हाती आहे. त्या पीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना हुकूम दिला होता की, बेने इस्रायल समाजातील वधूचे वा वराचे लग्न इतर यहुद्याशी लागण्यापूर्वी तिच्या किंवा त्याच्या आईची, आजीची आणि साधेल तितके मागे जाऊन वंशाची तहकीकात करावी. नवगावच्या किनाऱ्यास फुटलेल्या गलबताची आठवण उराशी धरून, जवळ ना धर्मगुरू ना धर्मग्रंथ अशा अवस्थेत ज्यांनी पिढ्यानपिढ्या शब्बाथ पाळला, सुंतेचा विधी सोडला नाही आणि ‘शेमा’ची प्रार्थना ओठांवर जिवंत ठेवली, ज्यांचा यहुदी म्हणून या देशात कोणी छळ केला नव्हता, आणि तरीही जे त्या भूमीच्या ओढीने मुंबईचे बस्तान मोडून तिकडे गेले, त्यांच्यापाशी त्याच भूमीत यहुदीपणाचा दाखला मागितला गेला! ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, जाहीर केले की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदीच असून, विवाहासह सर्व बाबतींत त्यांचे हक्क इतरांच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर धर्मपीठाने हुकुमातून त्यांचे नाव काढले. ज्याच्या कुळाविषयी संशय असेल अशा कोणाचीही चौकशी व्हावी, अशी मोघम मखलाशी मात्र त्या जागी आली.

ते धरणे मला राष्ट्रभक्तीचे कृत्य वाटते. १४ मे १९४८ रोजी तेल अवीव येथे बेन गुरियन यांनी इस्रायलचे जे स्वातंत्र्यपत्र वाचले त्यात धर्म, वंश, लिंग असा भेद न करता सर्व रहिवाशांना संपूर्ण सामाजिक व राजकीय समता देण्याचे वचन आहे. युरोपात साठ लक्ष यहुद्यांची हत्या होऊन उणीपुरी तीन वर्षे झाली होती, सीमेवर शत्रुसैन्ये सिद्ध होती, आणि अशा घटकेला ते वचन दिले गेले. म्हणूनच त्याचा तगादा लावणाऱ्या माणसाला मी त्या राज्याचा हितचिंतक मानतो.

हा तगादा लावण्याचा अधिकार ज्यांचा त्याहून मोठा, त्या अरबांची कथा फार कठोर आहे. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लक्ष पॅलेस्टिनी अरब घरादारास मुकले. जे सीमेच्या आत राहिले त्यांना नागरिकत्व मिळाले, पण १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल राहिला. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी काफर कासिम या अरब गावचे लोक, संचारबंदीचा हुकूम कानी न पडल्यामुळे, नित्याप्रमाणे कामावरून घरी परतत असता सीमापोलिसांनी जवळजवळ पन्नास जणांना, त्यांत स्त्रिया व मुलेही, गोळ्या घातल्या. पुढे न्यायासनावरून बिन्यामिन हालेवी यांनी निवाडा दिला की, ज्या हुकुमाचा अधर्म उघड दिसतो तो पाळणे हाच गुन्हा होय, आणि ‘वरून हुकूम होता’ ही कैफियत तेथे चालणार नाही. शिक्षा नंतर कमी झाल्या, आरोपी काही वर्षांतच सुटले, याचा मला आजही विषाद वाटतो. तथापि इस्रायलचा कैवार त्या काळी हालेवींहून अधिक कोणी घेतला असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडील कैवाराचे मूळ पुष्कळदा निराळ्याच जमिनीत असते. मुसलमानांविषयीचा आकस मनात ठेवून ज्याने इस्रायलचा झेंडा खांद्यावर घेतला, त्याला हे ठाऊक नसते की शनवार तेली आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली व अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्या अत्याचाराचा धिक्कार करताना जो कचरतो त्याच्या न्यायबुद्धीवर माझा विश्वास बसत नाही. परंतु त्यानंतर गाझात हजारो बालके मेली ती जमेच्या बाजूस मांडणाऱ्याला मी इस्रायलचा मित्र कसा म्हणू? त्या ओलिसांचे आप्तच आठवड्यामागून आठवडे तेल अवीवच्या चौकात आपल्या सरकारला जाब विचारीत उभे राहिले. त्याच शहरात, इस्रायल हे यहुद्यांचे राष्ट्र असे ठरवणाऱ्या २०१८ च्या राष्ट्रकायद्यात समता हा शब्दच आला नाही तेव्हा, ज्यांचे तरुण इस्रायलच्या सैन्यात सक्तीची सेवा करतात असे अरबीभाषक द्रूझ पंथाचे लोक आपला पंचरंगी आणि राज्याचा निळापांढरा असे दोन्ही झेंडे घेऊन हजारोंनी जमले होते.

पुन्हा बेने इस्रायलांकडे वळतो. १९६४ च्या आधीही त्यांचे एक धरणे झाले होते. इस्रायलमधील वागणुकीने दुखावलेल्या सुमारे दीडशे बेने इस्रायलांनी आम्हांला मायदेशी पाठवा असा हट्ट धरला, आणि १९५२ साली त्यांना विमानाने मुंबईस आणून सोडण्यात आले. मुंबईस उतरल्यावर थोड्याच काळात त्यांतील पुष्कळांनी पुन्हा इस्रायलला नेण्याविषयी विनंती केली.